अर्ध्या तिकिटाची आई

दत्तोबांच्या तसबिरींच्या दुकानात दोन गोष्टी रोज साचायच्या, काचेच्या कपच्या आणि किस्से. कपच्या संध्याकाळी झाडून टाकता यायच्या. किस्से कोणी झाडत नसे, उलट दुसऱ्या दिवशी येणारा त्यात आपली मूठभर भर घालून जायचा.

दुकान भोरच्या बाजारपेठेत, एका खणाचं. बसणारे आम्ही तिघं. दत्तोबा मालक, फ्रेमा करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, पण फ्रेमच्या आत काय आहे याच्याशी त्यांना फारसं कर्तव्य नसायचं. दुसरे अण्णा, संस्थानच्या दफ्तरातून निवृत्त झालेले कारकून. जे कागदावर नाही ते अण्णांच्या मते जगातच नाही. बरणीवर साल लिहिलेलं नाही म्हणून त्यांनी एकदा बायकोच्या हातचं लोणचं परत पाठवलं होतं. तिसरा मी, शाळेतला ड्रॉइंग मास्तर. पोरांकडून पेरूचं चित्र काढून घ्यायचं आणि मधल्या सुट्टीत तो पेरू खायचा, ही माझी नोकरी.

माझ्याकडे एक भिंग होतं. त्या काळी भोरात भिंग बाळगणारा माणूस म्हणजे तज्ज्ञ! कोणाच्या घरात आज्या-पणज्याची तसबीर असली की ती खरी का खोटी, कोणी काढलेली, हे विचारायला लोक आमच्याकडे यायला लागले. आम्हीही नाही म्हणत नव्हतो.

*

पहिलं गिऱ्हाईक कामथडीचे एक पाटील. धोतरात गुंडाळून त्यांनी आपल्या आज्याची तसबीर आणली होती. गलमिशा, जरीचा अंगरखा, कमरेला तलवार. पाटलांचं म्हणणं, हे ऑइल पेंटिंग एका गोऱ्या साहेबानं आज्याला समोर बसवून काढलंय.

मी भिंग लावलं. रंगाचा फटकारा कुठेच नाही, नुसते बारीक बारीक ठिपके. कोणत्या तरी छापखान्यातून निघालेला कागद होता, वरून वॉर्निश मारलेलं. पाटलांना वाईट वाटू नये म्हणून मी जरा घुटमळत सांगितलं, "पाटील, हे हातानं काढलेलं नाही. छापलेलं आहे. अशा हजार तरी प्रती असतील."

"म्हंजी हजार घरात हाय ह्यो?"

"असेल."

पाटलांनी तसबीर उचलून उजेडात धरली. मग छाती फुगवून म्हणाले, "आज्याचं नाव येवढं व्हतं, आमालाच ठावं न्हवतं!"

जाताना दत्तोबांकडून त्यांनी फ्रेमला सोनेरी पट्टी लावून घेतली. त्या दिवशी मी एक गोष्ट शिकलो. खरं काय ते सांगणं आपल्या हातात असतं, पण ऐकणारा काय ऐकेल ते नसतं.

*

आता ठकूबाईंची गोष्ट. तिच्यासाठीच तर एवढं दळण दळतोय.

ठकूबाई वेल्ह्याकडच्या पासलीच्या, चाळिशीच्या आसपासच्या. भातशेती करणारं घर. त्या पासलीहून वेल्ह्यापर्यंत पायी, तिथून बैलगाडीनं नसरापूर आणि पुढे सर्व्हिस मोटारीनं भोरला आल्या. घोंगडीत बांधलेली तसबीर डोक्यावर. बरोबर त्यांचा मामेभाऊ धोंडिबा, हातात काठी आणि तोंडावर नाराजी.

दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या ठकूबाईंनी पदराच्या गाठीतून मोटारीची तीन तिकिटं काढून आमच्यापुढे ठेवली. दोन पुरी, एक अर्धं.

"अर्धं कोणाचं?" मी विचारलं. बरोबर लहान पोर दिसत नव्हतं.

"आईचं," त्या म्हणाल्या. आणि घोंगडी सोडली. आत एका तरुण बाईचं चित्र होतं, कमरेपर्यंतचं. निळं लुगडं, गळ्याभोवती लपेटलेला पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि डोळ्यांत नुकतंच हसू आल्यासारखं.

झालं होतं असं. मोटारीत ठकूबाईंनी तसबीर शेजारच्या जागेवर उभी करून ठेवली. क्लीनर म्हणाला, जागा अडवली, तिकीट काढा. ठकूबाईंनी ऐकवलं की ती माझी आई आहे. क्लीनर काही वाईट माणूस नव्हता. त्यानं तसबीर नीट पाहिली आणि न्याय केला, "कमरेपतुर हाय. अर्धं द्या."

अण्णांनी ते अर्धं तिकीट उचललं, उलटसुलट पाहिलं आणि चष्मा पुसून म्हणाले, "सरकारमान्य मोटार आहे. हा पहिला पुरावा." आणि कोऱ्या कागदाला टाचणीनं ते लावून टाकलं. ठकूबाईंच्या आईची फाईल अशी सुरू झाली.

*

पेच असा होता. ठकूबाईंना जन्म देऊन त्यांची आई गेली. चंद्रा तिचं नाव, वय जेमतेम सतरा. फोटो नाही, काही नाही. ठकूबाईंनी आईला पाहिलं ते या तसबिरीतच. बाप परांच्या बांधायचा, म्हणजे देवळांच्या, वाड्यांच्या कामावर गवंड्यांना उभं राहायला बांबूंचे माळे. कोणत्या तरी कामावर त्यानं हे चित्र कोणा चिताऱ्याकडून काढून घेतलं. रोज सकाळी तसबिरीला कुंकू लावल्याशिवाय त्यानं भाकरी खाल्ली नाही. बाप गेल्यावर तसबीर वारशानं ठकूबाईंकडे आली आणि कुंकवाचं कामही.

आता वैशाखात ठकूबाईंच्या मुलीचं, सुंदराचं लग्न होतं. देवकाशेजारी आजीची तसबीर ठेवायची आणि सुंदरानं तिच्या पाया पडून बोहल्यावर चढायचं, ही ठकूबाईंची इच्छा. त्यांना सख्खा भाऊ नाही, म्हणून नवरीच्या पाठीशी मामा म्हणून उभा राहणार धोंडिबा. आणि धोंडिबा अडून बसला होता.

"माझा बा सांगायचा, ह्यी तसबीर आत्याची न्हाईच," तो म्हणाला. "बाजारातली कुनाची बी बाई दाजीबांनी, हिच्या बानं, पोरीच्या समाधानाला आनली. परकी बाई देवकाला बसवली तर म्या उबा ऱ्हानार न्हाई."

ठकूबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. आम्हाला म्हणाल्या, "ह्यी माझी आई हाय का न्हाई, येवढं तुमी सांगा. न्हाई म्हनालात तर न्हाई."

*

दत्तोबांनी आधी फ्रेमवर टिचकी मारली. "सागवान." मग काचेवर. "काच परदेशी. अशी आता मिळत नाही."

"आणि चित्र?" मी विचारलं.

दत्तोबांनी विचार केला. "चित्रानं काच चांगली सांभाळलीय."

मग त्यांनी खिळे काढून चित्र आणि काच वेगळी केली, आणि आमच्या सगळ्यांचे चेहरे उतरले. कुंकू काचेबरोबर निघून गेलं! खाली चित्रातलं कपाळ पांढरंफटक. इतकी वर्षं बापानं आणि लेकीनं जे कुंकू लावलं ते सगळं काचेवर, एकावर एक, रुपयाएवढं जाड झालेलं. चित्रात कुंकवाचा ठिपकासुद्धा नव्हता.

धोंडिबा जागचा उठला. "आत्या सवाष्ण गेली. हिच्या कपाळाला कुकू न्हाई. म्हंजी ही कुनी इधवा बाई हाय, ठके. तुजा बा आनि तू जल्मभर परक्या बाईला कुकू लावताय."

त्याच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. दत्तोबा सवयीनं ओला बोळा घेऊन काच पुसायला गेले, तर ठकूबाईंनी काच त्यांच्या हातातून काढून घेतली आणि पदराखाली धरली. त्या रडल्या नाहीत. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना.

मी घाईघाईनं भिंग काढलं आणि माझं ज्ञान पाजळायला घेतलं. रंग तेलाचा, हात कसलेला, छाया-प्रकाश उत्तम, बाजारू काम नाही. चित्राच्या पाठीला मांजरपाट, म्हणजे जाडंभरडं कापड, ठोकलेला होता. दत्तोबा पकड घेऊन तो काढायला निघाले, तेव्हा मी मोठ्या आवाजात बजावलं, "पाठीला हात लावायचा नाही. जुनं काम आहे. असल्या गोष्टी तुम्हाला कळायच्या नाहीत." मग ठकूबाईंकडे वळून निकाल दिला, "बाई, चित्र अस्सल आहे."

"चित्र खरं हाय त्ये मला बी दिसतंय, मास्तर," ठकूबाई शांतपणे म्हणाल्या. "आई खरी हाय का, त्ये सांगा."

मी भिंग खिशात ठेवलं.

*

अण्णा म्हणाले, साक्षी घेऊ. म्हणून शाळेच्या सुट्टीत तसबीर घेऊन आम्ही पासलीला गेलो. चंद्राचं माहेर आणि सासर दोन्ही त्याच गावात, वरची आळी आणि खालची आळी. तिला पाहिलेली तीन म्हातारी माणसं हयात होती. अण्णांनी तिघांना ठकूबाईंच्या ओसरीवर एकेकटं बोलावलं आणि दौत-टाक घेऊन बसले, जणू खटलाच चाललाय.

पहिली आजीबाई आली. चित्राजवळ डोळे नेऊन म्हणाली, "ही तुळसा. चंद्रीची थोरली भन. नाक बगा की तिचं."

दुसरी म्हणाली, "ह्यी व्हय? ही चंद्रीची आय. वट तिचंच. रागावली की अश्शीच दाबून धरायची."

तिसरे बाबा आले. त्यांनी चित्र लांब धरलं, जवळ धरलं, आणि हसत सुटले. "आरं, ह्यो तर धोंडिबाचा बा! हनुवटी न्हाई का त्याची? पर गड्यानं लुगडं कवा नेसलं?"

ओसरीवरची माणसं हसून लोळायची बाकी राहिली. धोंडिबा आपली हनुवटी हातानं झाकून बसला होता. अण्णांनी मात्र हे सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं, लुगड्यासकट.

"आणि डोळे?" मी बाबांना विचारलं. "डोळे कोणाचे वाटतात?"

ठकूबाई तेव्हा गुळाचा चहा घेऊन बाहेर आल्या होत्या. बाबांनी कप घेता घेता त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं. "डोळं वळकीचं हायती," ते म्हणाले. "पर कुनाचं, त्ये काय ध्येनात येईना."

अण्णांनी खाली शेरा मारला, 'तीन साक्षी, तीन माणसे, एकही चंद्रा नव्हे.' तो त्यांनी मोठ्यानं वाचला नाही, पण ठकूबाईंना आमच्या तोंडांवरून काय ते कळलं. निघताना त्यांनी तसबीर परत आमच्याकडेच दिली. म्हणाल्या, "वैशाखाला येळ हाय अजून."

*

अण्णांबद्दल मी आतापर्यंत थट्टेनंच बोललो, पण वाट त्यांनीच काढली, आणि तीही झोपेतून.

फ्रेमखाली झाकल्या गेलेल्या चित्राच्या कोपऱ्यात एक इवलंसं कमळ काढलेलं होतं, पाच पाकळ्यांचं, एक पाकळी खाली पडलेली. मी ते भिंगातून पाहून सोडून दिलं होतं. एका दुपारी अण्णा भिंग मागून घेऊन ते बघत बसले आणि म्हणाले, "हे मी पाहिलंय. आंबवड्याला. देवळाच्या सभामंडपाच्या छतावर."

"छतावरचं एवढं बारीक कसं दिसलं?"

"दफ्तराच्या कामाला आंबवड्याला गेलो की दुपारी तिथेच आडवा व्हायचो," अण्णा जरा ओशाळून म्हणाले. "बारीक नाही ते, चांगलं परातीएवढं आहे. उताणा झोपलेल्या माणसाला दुसरं काय दिसणार?"

तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत अण्णांनी केलेलं सर्वांत मोठं काम ते झोपेतच केलं, असं दत्तोबा अजून म्हणतात. चौकशी केली तर ते छत रंगवणारा चितारी आंबवड्यातच राहत होता. रघुनाथबाबा. सत्तरी गाठलेली, हात कापणारे, पण जिवंत आणि खणखणीत. आम्ही पासलीला निरोप धाडला.

*

आंबवड्याला आम्ही सगळेच गेलो. ठकूबाई, धोंडिबा, आम्ही तिघं. रघुनाथबाबा अंगणात बाजेवर बसले होते. मी पुढे होऊन चित्र त्यांच्यासमोर धरलं आणि भिंग देऊ केलं. त्यांनी भिंग बाजूला सारलं.

"परांचीवाल्याची बायको," ते म्हणाले.

ठकूबाईंनी मागे सरून अंगणातला खांब धरला.

"ओळखलंत?" मी विचारलं.

"तिला मी कधी पाहिलंच नाही, ओळखणार कुठून?" बाबा म्हणाले. "ती गेल्यावर सहा महिन्यांनी परांचीवाला माझ्याकडे आला. म्हणाला, तिचं चित्र काढून द्या. वर्षभर मी त्याच्या परांचीवर निजून छत रंगवलं होतं, एक बांबू कधी हलला नाही. त्याला नाही कसं म्हणू? पण फोटो नाही. मग त्याला म्हटलं, तिची माणसं आण. ज्याचं जे तिच्यासारखं असेल ते मी उसनं घेतो. तो एकेकाला घेऊन आला, पण कशासाठी ते त्यांना कधी सांगितलं नाही."

"म्हंजी बनावट चेहरा?" धोंडिबा म्हणाला.

बाबांनी त्याच्याकडे, विशेषतः त्याच्या हनुवटीकडे, बराच वेळ पाहिलं. मग मला म्हणाले, "मास्तर, चेहरा काय दाखवता? पालथं करा. उसनं आणलेलं मी लिहून ठेवतो. वर मांजरपाट ठोकायचा, म्हणजे लोक आईकडे बघतात, यादीकडे बघत नाहीत."

दत्तोबांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. दोन महिने त्या मांजरपाटाला हात लावू दिला नव्हता तो मी! मला तेव्हा धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. दत्तोबांनी खिशातून पकड काढली, खिळे उपसले आणि मांजरपाट सोडवला. आत चित्राच्या पाठीवर काळ्या रंगानं चार-पाच ओळी लिहिलेल्या होत्या. अण्णांनी चष्मा चढवला आणि वाचायला लागले.

"नाक, बहीण तुळसा. ओठ, आई. हनुवटी, भाऊ." इथे अण्णा थांबले, कारण धोंडिबा पुढे येऊन बाजेच्या पायाशी बसला होता. "कपाळ मोकळे ठेवणे. कुंकू नवरा लावणार."

"मी भरायला निघालो होतो कुंकू," रघुनाथबाबा म्हणाले. "त्यानं माझा हात धरला. म्हणाला, एकदाच लावून संपवू नका, रोज लावायचं काम माझ्याकडे राहू द्या."

धोंडिबानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. खाली बघतच म्हणाला, "ठके, वैशाखात म्या सुंदराच्या पाठीशी उबा हाय. आत्या देवकापाशी बसंल."

"एक ओळ राहिली," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज दफ्तरातल्यासारखा येत नव्हता. "डोळे, तान्ही मुलगी, वय सहा महिने."

"तिचे डोळे कोणाकडेच नव्हते," रघुनाथबाबा ठकूबाईंना म्हणाले. "म्हणून तुम्हाला आणलं, कुंचीत गुंडाळून. तुम्ही सारख्या रडत होता. हसेपर्यंत मी थांबलो, अर्धा दिवस गेला त्यात."

ठकूबाईंनी चित्र सरळ करून घेतलं आणि बघत बसल्या. आम्ही उगाच देवळाकडे पाय मोकळे करायला गेलो.

*

दत्तोबांनी आयुष्यात एखादी फ्रेम दोनदा मोजली असेल असं मला वाटत नाही. ही मात्र आंबवड्याहून परतल्यावर, ठकूबाईंच्या देखत, त्यांनी दिवसभर बसवली. ठकूबाईंनी जपून ठेवलेली काच पुसायची नाही, आणि काचेवरचं कुंकू बरोबर दोन भुवयांच्या मध्ये यायला हवं. "जरा डावीकडे," बाजारातला येणारा-जाणारा सांगायचा. "सूतभर खाली घ्या." शेवटी ठकूबाईच उठल्या, बोटानं काच जराशी सरकवली आणि म्हणाल्या, "हितं. हितंच असतंय."

अण्णांनी फाईलवर 'ओळख पटली' असं लिहून खाली सही केली. ते अर्धं तिकीट काढून त्यांनी ठकूबाईंना परत दिलं, तर त्यांनी ते घेतलं नाही, हसून अण्णांच्याच हातात ठेवलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना पोचवायला मी मोटार स्टँडवर गेलो. तीच मोटार आणि तोच क्लीनर. ठकूबाई खिडकीशी बसल्या, पलीकडे धोंडिबा, आणि मधल्या जागेवर तसबीर, या खेपेला घोंगडी न गुंडाळता.

क्लीनर तिकिटं फाडत आला. त्यानं तसबीर ओळखली.

"आलात का परत," तो म्हणाला. "दोन पुरी. आनि आईचं, कमरेपतुर हाय, अर्धं."

ठकूबाईंनी पदराची गाठ सोडली.

"पुरं घ्या," त्या म्हणाल्या. "पुरी हाय ती."